नवे यंत्र, जुनी सवय

नवा घोडा विकत घेतल्यावर जाणता स्वार पहिल्याच दिवशी त्याला चौखूर उधळीत नसे. तो त्याला आपल्या हाताने चारा घाली, मानेवर थाप मारी, चार दिवस नुसता पायगतीने चालवी आणि मगच त्याच्यावर मांड ठोकी. समोरचा प्राणी जिवंत आहे, त्याचा स्वभाव आपणांस ठाऊक नाही, ही जाणीव त्या सबुरीच्या मुळाशी होती. यंत्राच्या बाबतीत मात्र माणसाला ही सबुरी सुचत नाही. यंत्राला स्वभाव नसतो आणि एक चालविता आले की दुसरेही चालविता येते, अशी त्याची समजूत असते. लहान मोटारसायकलीवर दहा-पंधरा वर्षे काढलेला मनुष्य एके दिवशी तिच्या दुप्पट-तिप्पट वजनाची, दूर पल्ल्याच्या प्रवासाची मोटारसायकल घरी आणतो. पेट्रोलपंपावरच्या खडीत पाय टेकताना, घाटातल्या आखूड वळणावर किंवा समोर अचानक गुरे आली असता त्याला प्रथमच कळून येते की यंत्र नवे आले, पण आपले हातपाय जुन्याच यंत्रावर बसलेले आहेत.

हा अनुभव एकट्यादुकट्याचा नाही. मोटारसायकलीचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास पाहिला तर तो एका अर्थी याच विसंगतीचा इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही. इंजिन दर दहा वर्षांनी बदलले. माणसाचे शरीर आणि त्याच्या सवयी इतक्या झपाट्याने बदलल्या नाहीत.

१८८५ साली जर्मनीत डाइमलर आणि मायबाख या दोघांनी लाकडी सांगाड्यावर अर्ध्या अश्वशक्तीचे इंजिन बसवून पहिली पेट्रोलवर चालणारी दुचाकी तयार केली. ती कलंडू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना लहान आधारचाके जोडलेली होती. लहान मुलाच्या सायकलीला असतात तशीच ती चाके होती. माणूस नव्या वाहनाला किती बिचकत होता, याची ती खूणच होय. पुढे १८९४ साली म्युनिकमध्ये हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी मोटारसायकली बनविण्यास प्रारंभ केला. त्यांच्या इंजिनाची क्षमता जवळजवळ दीड हजार सीसी होती. आजच्या मोठ्या प्रवासी मोटारसायकलीची असते तितकीच. शक्ती मात्र अवघी अडीच अश्वशक्तीची. आकार मोठा आणि बळ थोडे, असे ते यंत्र होते. बळ वाढत गेले तसा खरा प्रश्न उभा राहिला, आणि तो इंजिनाचा नव्हता, तर स्वाराचा होता.

त्या प्रश्नाचे मूळ दुचाकीच्या एका चमत्कारिक गुणधर्मात आहे. घोड्याचा लगाम उजवीकडे ओढला की घोडा उजवीकडे वळतो. मोटारगाडीचे चक्र उजवीकडे फिरविले की गाडी उजवीकडे जाते. धावती दुचाकी मात्र या न्यायाने वागत नाही. तिला उजवीकडे न्यावयाचे असेल तर हँडलाची उजवी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते. त्यायोगे पुढचे चाक क्षणभर डावीकडे वळते, यंत्र उजवीकडे कलते आणि कलल्यावरच ते उजवे वळण घेते. ही गोष्ट स्कॉटिश शास्त्रज्ञ रँकिन यांनी १८६९ सालीच, म्हणजे इंजिनाची दुचाकी जन्मास येण्यापूर्वी सोळा वर्षे, दुचाकीच्या गतितत्त्वांवरील आपल्या लेखांत मांडली होती. विमानाचा शोध लावणारे राइट बंधू मुळात सायकलींचे कारखानदार. त्यांपैकी विल्बर राइट यांनी अनेक सायकलस्वारांना विचारून पाहिले की डावीकडे वळताना तुम्ही नेमके काय करता? वर्षानुवर्षे सायकल चालविणाऱ्या त्या माणसांना खरे उत्तर देता आले नाही. हात बरोबर काम करीत होते. बुद्धीला त्याचा पत्ता नव्हता.

हलक्या वाहनावर हे अज्ञान खपून जाते. स्वार सत्तर किलोंचा आणि मोटारसायकल शंभर किलोंची असेल तर नुसते अंग झुकविल्यानेही ती बरीचशी ऐकते. मोटारसायकल तीनशे किलोंची झाली की त्याच सत्तर किलोंची मात्रा चालेनाशी होते. आजवर हातांनी नकळत केलेली क्रिया आता जाणूनबुजून करावी लागते. जे येत होते तेच पुन्हा शिकावे लागते. आणि येत असलेली गोष्ट पुन्हा शिकणे हे न येणारी गोष्ट शिकण्याहून अवघड असते, हे कोणताही शिक्षक सांगेल.

तरीही माणसाने मोठ्या यंत्राचा हव्यास धरला तो उगाच नव्हे. लांबचा रस्ता त्याला बोलावीत होता. कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी या तरुण अमेरिकनाने १९१२-१३ साली चार सिलिंडरांच्या हेंडरसन मोटारसायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या यंत्राला गिअरच नव्हते. युरोप, उत्तर आफ्रिका, श्रीलंका, चीन, जपान असा तो फिरला आणि अमेरिका आडवी ओलांडून घरी परतला. एकंदर प्रवास सुमारे अठरा हजार मैलांचा. १९१६ साली ऑगस्टा आणि अ‍ॅडेलीन व्हॅन ब्यूरेन या दोघी बहिणींनी ‘इंडियन’ कंपनीच्या मोठ्या मोटारसायकलींवरून न्यू यॉर्कहून पॅसिफिक किनारा गाठला. स्त्रियाही युद्धात निरोप्याचे काम करू शकतील, हे त्यांना सिद्ध करून दाखवावयाचे होते. वाटेत पोलिसांनी त्यांना अडविले ते वेगासाठी नव्हे, तर पुरुषी पोशाख केला म्हणून! यंत्राशी त्यांनी जुळवून घेतले होते. समाजाला त्यांच्याशी जुळवून घेण्यास अधिक काळ लागला.

मोठ्या मोटारसायकलीचे वेड आणि त्या वेडाची किंमत या दोन्ही गोष्टी ज्याच्या चरित्रात एकत्र आल्या, असा मनुष्य म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने प्रसिद्धी पावलेला टी. ई. लॉरेन्स. पहिल्या महायुद्धात अरबांच्या उठावात उंटावरून वाळवंट तुडविणारा हा विद्वान सेनानी पुढे कीर्तीला कंटाळला आणि नाव बदलून साधा शिपाई झाला. १९२७-२८ मध्ये तो ब्रिटिश हवाई दलात कराचीला होता. सिंध प्रांत त्या काळी मुंबई इलाख्यातच मोडत असे. त्याच्या एकाकी जीवनातला मोठा आनंद म्हणजे त्याची मोटारसायकल. नॉटिंगहॅमचा कारागीर जॉर्ज ब्रफ हा ‘ब्रफ सुपीरियर’ नावाच्या, सुमारे हजार सीसीच्या मोटारसायकली तयार करी. दोन महायुद्धांच्या दरम्यान अशा सुमारे तीन हजारच मोटारसायकली बनल्या. त्यांतल्या ‘एसएस १००’ या प्रकाराबरोबर ताशी शंभर मैल वेगाची लेखी हमी मिळे. लॉरेन्सने एकामागून एक अशा सात मोटारसायकली बाळगल्या आणि इंग्लंडच्या राजांप्रमाणे त्यांना पहिला जॉर्ज, दुसरा जॉर्ज अशी नावे दिली. उंचीने तो बेताचाच, जेमतेम साडेपाच फूट. पण पहिल्या पाच मोटारसायकलींवर मिळून एक लाख मैल पुरे झाल्याचे त्याने १९२६ साली ब्रफला पत्राने कळविले होते.

असा मनुष्य नवशिका म्हणता येणार नाही. १३ मे १९३५ रोजी तो बॉव्हिंग्टनच्या लष्करी तळावरून एक तार करून आपल्या झोपडीवजा घराकडे परतत होता. रस्त्याच्या चढउतारामुळे पुढचे दिसत नव्हते. सायकलीवरची दोन मुले एकाएकी समोर आली. त्यांना वाचविण्यासाठी त्याने मोटारसायकल वळविली, तिच्यावरून तो फेकला गेला आणि डोक्यावर आपटला. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. तशी चालच त्या काळी सामान्य रस्त्यावर नव्हती. सहा दिवस बेशुद्धीत काढून १९ मे रोजी वयाच्या ४६व्या वर्षी तो मरण पावला. वेग किती होता याविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. लाख मैलांचा अनुभवही त्या एका क्षणी पुरा पडला नाही.

त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे तरुण शल्यविशारद ह्यू केर्न्स हे होते. रोगी गेल्यावर डॉक्टरचे काम संपते, असे साधारणतः मानले जाते. केर्न्स यांच्या मनातून मात्र तो मृत्यू गेला नाही. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि लष्करी निरोपे मोटारसायकलींवरून अंधाऱ्या रस्त्यांनी धावू लागले. केर्न्स यांनी अपघातांची टिपणे जमविण्यास आरंभ केला. १९४१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांचे सहप्रवासी मृत्युमुखी पडले होते आणि या मृत्यूंत डोक्याच्या दुखापतींचा वाटा सर्वांत मोठा होता. शिरस्त्राण घातलेल्या अपघातग्रस्तांची केवळ सात उदाहरणे त्यांना मिळाली. त्यांपैकी एकही दगावला नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी तोच कायदा होण्यास १९७३ साल उजाडले. भारतात १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमाने ही सक्ती केली. आज पुण्याच्या किंवा इंदूरच्या चौकात हेल्मेटच्या सक्तीवरून कुरकुर करणाऱ्या स्वाराला त्या सक्तीच्या मागे एका डॉक्टराचे सहा दिवसांचे अपयश उभे आहे, याची कल्पनाही नसते.

शिरस्त्राण डोके वाचविते. सवय मात्र ते बदलू शकत नाही. सवयीचा दुसरा मोठा घोटाळा कारखानदारांनीच करून ठेवला होता. अमेरिकेतील जुन्या मोठ्या मोटारसायकलींचा क्लच पायाखाली आणि गिअरचा दांडा पेट्रोलच्या टाकीजवळ, हाताशी असे. इंग्लंडमध्ये गिअर उजव्या पायाखाली आणि मागचा ब्रेक डाव्या पायाखाली. जपानमध्ये याच्या नेमके उलट. एका देशाच्या यंत्रावर बसलेला पाय दुसऱ्या देशाच्या यंत्रावर गेला की ऐन संकटात ब्रेकऐवजी गिअर दाबी. अखेरीस अमेरिकेने १९७४ सालापासून नव्या मोटारसायकलींचा गिअर डाव्या पायाशी असलाच पाहिजे असा नियम केला आणि जगातील बहुतेक कारखान्यांनी तोच शिरस्ता उचलला. भारतातील बुलेट मात्र एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत जुन्या इंग्रजी पद्धतीनेच चालत राहिली. वडिलांच्या बुलेटवर हात बसलेला मुलगा मित्राची नवी मोटारसायकल घेऊन निघाला की पहिले चार दिवस त्याचे दोन्ही पाय एकमेकांशी भांडत असत. त्या पिढीतील पुष्कळांना हा अनुभव आठवेल.

सवयीचा हा प्रभाव किती घातक असतो, याचा पहिला मोठा शास्त्रीय पुरावा १९८१ साली पुढे आला. लॉस एंजेलिस येथे हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारसायकलींच्या नऊशे अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांच्या अहवालातील एक निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. अपघातात सापडलेल्या स्वारांचा रस्त्यावरचा एकंदर अनुभव सुमारे तीन वर्षांचा होता. परंतु त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांना ज्या मोटारसायकलीवर अपघात घडला, तिची सवय पाच महिन्यांचीही नव्हती. अर्थात जुन्या यंत्राचा अनुभव नव्या यंत्रावर जसाच्या तसा वठत नाही. त्याच अहवालात असेही आढळले की ऐनवेळी बहुतेकांनी मागचा ब्रेक नको तितका दाबून चाक घसरविले, पुढच्या ब्रेकचा पुरता उपयोग केला नाही, आणि वर वर्णिलेली उलट वळणाची युक्ती तर त्यांच्या हातून जवळजवळ घडलीच नाही.

पुढच्या ब्रेकची ही भीती आपल्याकडे तर बालपणापासूनची. सायकल शिकविताना वडीलधारी माणसे ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील’ असे बजावतात आणि ते वाक्य जन्मभर बोटांत राहते. वास्तविक, वेग कमी होऊ लागताच वाहनाचा भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबविण्याचे मुख्य काम तेच चाक करू शकते. मात्र ब्रेक एकदम न आवळता हळूहळू दाब वाढवीत नेला पाहिजे. शिवाय वेगाचा हिशेब साध्या त्रैराशिकाने होत नाही. ताशी साठ किलोमीटरवरून नव्वदावर गेले असता ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दीडपट नव्हे, तर सव्वादोन पट होते. मोठ्या मोटारसायकलीवर नव्वदाचा वेग लहान मोटारसायकलीवरच्या पन्नासासारखा शांत वाटतो. इंजिन कण्हत नाही, हँडल थरथरत नाही. भीती दाखविणारे सगळे जुने संकेत नाहीसे झालेले असतात आणि धोका मात्र वाढलेला असतो.

यंत्रकारांनीही आपल्या परीने माणसाच्या दुबळेपणाची दखल घेतली. १९२३ साली बीएमडब्ल्यूने मॅक्स फ्रित्झ यांच्या आराखड्यानुसार दोन्ही बाजूंना आडवे सिलिंडर असलेली आपली पहिली मोटारसायकल काढली. त्या रचनेने वजन खाली, जमिनीजवळ राहिले. होंडा कंपनीने १९७५ साली ‘गोल्ड विंग’ ही प्रवासी मोटारसायकल विक्रीस आणली. तिचे वजन अडीचशे किलोंहून अधिक होते. म्हणून पेट्रोलची टाकी नेहमीच्या जागेवरून काढून बैठकीखाली ठेवण्यात आली, कारण उंचावरचे ओझे तोल बिघडविते. पुढे १९८८ साली तिला सहा सिलिंडर आले आणि वजन साडेतीनशे किलोंच्या घरात गेले. तेव्हा कारखान्याने तिला विजेच्या स्टार्टरवर चालणारी मागे जाण्याची सोय दिली. उतारावर नाक करून उभी राहिलेली ही मोटारसायकल मागे ओढणे माणसाच्या पायांना झेपणार नाही, ही ती सरळ कबुली होती.

भारतात मोठ्या मोटारसायकलीचा प्रवास निराळ्या वळणाने झाला. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडियाचा कारखाना उभा राहिला आणि साडेतीनशे सीसीची बुलेट लष्कर, पोलीस व मोजके शौकीन यांच्या हाती आली. १९८०-९० च्या दशकात जपानी सहकार्याने शंभर सीसीच्या हलक्या, काटकसरी मोटारसायकली आल्या आणि मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या त्यांच्यावरच चालविण्यास शिकल्या. मग २००७ साली एक गमतीचा व्यवहार झाला. अमेरिकेने भारतीय आंब्याला आपली बाजारपेठ खुली केली आणि भारताने अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींच्या आयातीची वाट मोकळी केली. त्या आंब्यांवर किरणांची प्रक्रिया झाली ती नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या केंद्रात. कोकणचा हापूस समुद्रापार गेला आणि त्याच्या बदल्यात आठशे सीसीहून मोठी मोटारसायकल या देशात आली, असे विनोदाने म्हणता येईल.

यंत्रे आली, परंतु ती हाताळण्याची शिस्त त्यांच्याबरोबर आली नाही. ब्रिटनने १९६१ सालापासूनच शिकाऊ स्वाराला २५० सीसीहून मोठी मोटारसायकल चालविण्यास मनाई केली होती. मोठमोठ्या मोटारसायकली बनविणाऱ्या जपानने १९७५ साली ४०० सीसीहून मोठ्या यंत्रासाठी स्वतंत्र आणि अत्यंत कडक परीक्षा ठेवली. आडवी पडलेली मोटारसायकल एकट्याने उभी करून दाखविणे, ही तेथील उमेदवाराची पहिली कसोटी असे. युरोपातही यंत्राच्या शक्तीनुसार परवान्याच्या पायऱ्या आहेत. भारतीय कायद्यात मात्र गिअर असलेल्या मोटारसायकलीचा परवाना एकच. शंभर सीसीच्या यंत्रावर परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेला मनुष्य त्याच संध्याकाळी अठराशे सीसीचे यंत्र महामार्गावर नेऊ शकतो. कायद्याने सव्वाशे सीसीहून मोठ्या मोटारसायकलींना चाक न अडकू देणाऱ्या ब्रेकची सक्ती केली, ही चांगलीच गोष्ट झाली. नव्या वाहनांच्या बाबतीत ती २०१८-१९ पासून अमलात आली. यंत्राला अशा रीतीने शहाणे करण्यात आले. स्वाराला शहाणे करण्याचे काम ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपविलेले आहे.

हा विवेक म्हणजे काही अवघड विद्या नव्हे. नवे यंत्र आणले की प्रथम ते बंद स्थितीत ढकलून, टेकवून त्याच्या वजनाची ओळख करून घ्यावी. ते आडवे पडल्यास हातांनी न उपसता, बैठकीला पाठ टेकवून, गुडघे वाकवून, पायांच्या बळाने उभे करण्याचा सराव करावा. रिकाम्या मैदानात क्लच अर्धवट सोडून, मागचा ब्रेक हलकाच धरून, चालत्या माणसाच्या गतीने वर्तुळे घालावीत आणि नजर चाकाजवळ न ठेवता जिकडे जावयाचे तिकडे ठेवावी. पुढचा ब्रेक लहान वेगापासून चढत्या वेगापर्यंत पुनःपुन्हा आजमावावा. मागे माणूस आणि सामान बसले की तेच यंत्र पुन्हा नवे होते, हे ध्यानात धरून चाकांतील हवा आणि मागचे स्प्रिंग त्या भाराप्रमाणे जुळवून घ्यावे. पहिली दूरची यात्रा या तयारीनंतर काढावी. आपल्याला चालविता येते हा अभिमान त्या काही आठवड्यांपुरता घरी ठेवावा, म्हणजे झाले.

लॉरेन्सने वाळवंटात उंटाशी जुळवून घेतले होते आणि लाख मैल मोटारसायकलीशीही. त्याच्या मृत्यूतून केर्न्स यांनी धडा घेतला म्हणून कितीतरी अनाम स्वार जिवंत घरी पोहोचले. इतिहासाचा उपयोग याहून निराळा काय असतो? एकाने किंमत मोजावी आणि पुढच्यांनी ती पुन्हा मोजू नये, एवढाच. आपल्या पूर्वजांना नवा घोडा आणि नवा स्वार यांची ओळख होण्यास वेळ द्यावा लागतो हे कळत होते. घोड्याच्या जागी आता शंभर अश्वशक्तीचे यंत्र उभे आहे. मांड ठोकण्यापूर्वी त्याच्या मानेवर थाप मारण्याची रीत मोडण्याचे कारण नाही.